दर रविवारी तोच सिनेमा, तेच रडणं

नागपूरच्या मनीषनगर भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून फक्त गोषवारा देतो. त्यांचं वय ४४, यजमानांचं ४९. यजमान सरकारी खात्यात नोकरीला आहेत. सासऱ्यांना कर्करोग झाला होता. आजाराचं नाव त्यांना सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. चार महिन्यांत ते गेले. येत्या मे महिन्यात त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून जवळपास दर रविवारी दुपारी जेवणं झाली की यजमान आतल्या खोलीत जातात, कानात इअरफोन घालतात, मोबाइलवर ‘श्वास’ लावतात आणि दर वेळी रडतात. “बाबा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही काढलं, अन् आता सिनेमा पाहून हमसून रडून राहिले,” असं ताई लिहितात. बारावीतल्या मुलाने चोरून व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली हसरे चेहरे पडले. आता दीर म्हणतात की पुण्यतिथीला सगळे जमणारच आहेत, तर तोच सिनेमा हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहू. ताईंचे प्रश्न असे: हा काही आजार तर नाही? मोबाइलमधून तो सिनेमा काढूनच टाकू का? आणि हे थांबवायचं कसं? पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे: “माझ्यासमोर मात्र कधी रडले नाहीत.”

ताई, नमस्कार.

आधी आजाराचं बघू, कारण ती धास्ती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही ऐकू येणार नाही. तुम्ही लिहिलंय की सोमवारी सकाळी ते वेळेवर ऑफिसला जातात, सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा तेच भरतात, जेवण-झोप ठीक आहे, मित्रांसोबत शनिवारी तर्रीपोहे खायला जातात. रडणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या कारणाने होतं आणि संध्याकाळपर्यंत ओसरतं. इतकं सगळं शाबूत असताना आठवड्याच्या एका रडण्याला आजार म्हणता येत नाही. डॉक्टरांकडे केव्हा जायचं तेही सांगतो, कारण हे सदर तुमच्यासारखे आणखीही बरेच जण वाचतात. सलग दोन आठवडे मन खिन्न आहे, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, कामात लक्ष लागत नाही, ‘जगून काय करायचं’ अशी भाषा येतेय, तर थांबू नये. वर्ष उलटून गेल्यावरही गेलेल्या माणसाची ओढ जवळजवळ रोज तितकीच असह्य होत असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तरीही दाखवून घ्यावं. आणखी एक वेगळा प्रकार आहे: पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत माणसाला काहीही कारण नसताना रडू फुटतं, आत दुःख नसतानाही, आणि ते आवरता येत नाही. ते काम मेंदूविकारतज्ज्ञांचं. आपल्याकडे नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकारांची ओपीडी आहे. आणि घरबसल्या फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा ‘टेली-मानस’ क्रमांक १४४१६ चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या पत्रातलं मात्र यातल्या कशातच बसत नाही.

आता “सिनेमाच तर आहे” हे वाक्य. तुम्ही ते त्यांना दोनदा म्हणालात असं लिहिलंय. हे वाक्य फार जुनं आहे. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या विदर्भातला. त्याचं गाव पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं अभ्यासक मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला भिंतीवरची चित्रं दाखवतो. चित्रं त्यांच्याच वनवासाची. शूर्पणखेचं चित्र येताच सीता घाबरते, तेव्हा राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. पुढच्याच चित्रांपाशी रामाच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागतात आणि ते लक्ष्मणाच्या लक्षात येतं. बाराशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या लेखकाला ठाऊक होतं की ‘हे चित्र आहे’ हे कळल्याने रडू थांबत नाही. चित्र असल्यामुळेच तर माणूस त्याच्याकडे टक लावून पाहू शकतो. खऱ्या प्रसंगात त्याला बघायला वेळच नसतो. बिलं भरायची असतात, रक्ताची सोय करायची असते, पुण्याहून निघालेल्या बहिणीला गाडी कुठवर आली ते विचारायचं असतं, स्मशानात लाकडाचे पैसे द्यायचे असतात. तुमचे यजमान मोठे. त्या दिवशी हे सगळं कुणी केलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

‘सिनेमा पाहून रडतात’ म्हणताना माणूस हळवा, कमकुवत असं आपण धरून चालतो. खरं तर सिनेमा हे रडवण्याचं अतिशय हुशारीने बांधलेलं यंत्र आहे. १९९५ मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वापरण्यासाठी चित्रपटांतले तुकडे पारखले. दुःखासाठी त्यांनी निवडलेल्या दोन तुकड्यांपैकी एक होता ‘द चॅम्प’ या १९७९ च्या चित्रपटातला. मुष्टियोद्धा बाप मेलाय आणि लहान मुलगा त्याला उठवतोय, एवढंच. जेमतेम तीन मिनिटं. आधीची गोष्ट ठाऊक नसलेल्या, खुर्चीत बसवलेल्या अनोळखी लोकांनाही तेवढं पुरतं. पूर्ण चित्रपटात तर दीड तास जमीन नांगरून ठेवलेली असते.

ती नांगरणी कशी होते ते थोडं सांगतो, म्हणजे इअरफोन घातलेल्या माणसाचं काय चाललंय याचा अंदाज येईल. पहिली गोष्ट, रडू बहुतेकदा सर्वांत दुःखाच्या क्षणी येत नाही. ते येतं उशीर झालेल्या क्षणी: माफी मागितली जाते पण ऐकणारा उरलेला नसतो, पत्र पोचतं पण माणूस गेल्यावर. ‘आनंद’ (१९७१) घ्या. आनंद जातो तेव्हा नुसता गलबला होतो. बांध फुटतो तो टेपरेकॉर्डरवर त्याचा आवाज सुरू होतो तेव्हा. आणि त्या आवाजाआधी फीत नुसती फिरत राहते, थोडी शांतता जाते, ती शांतता महत्त्वाची. दुसरी गोष्ट, चांगुलपणा रडवतो. कठोर वाटणारा माणूस अचानक हात धरतो, अख्खा वर्ग एका पोरासाठी उभा राहतो, अशा जागी दुःख काहीच नसतं, तरी घसा दाटतो. तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. चेहरा नेहमीपेक्षा दोन-चार सेकंद जास्त ठेवतात, संवाद काढून घेतात आणि पार्श्वसंगीत एकाच वाद्यावर आणतात. त्या रिकाम्या जागेत पाहणारा आपलं सामान भरतो. कुणाच्या आईचं, कुणाच्या बापाचं.

मग पाठ झालेला सिनेमा पुन्हा कसा रडवतो? उलट तोच जास्त रडवतो. पहिल्या वेळी आपण शेवटाला रडतो. चौथ्या-पाचव्या वेळी रडू पुढे सरकतं, ते आता हसण्याच्या प्रसंगाला येतं, कारण पडद्यावरच्या माणसांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं. आजोबा नातवाला फुगा घेऊन देतात एवढंच दृश्य असलं तरी पुरतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: यजमान कोणता सिनेमा पाहतात हे सोडा, ते कितव्या मिनिटाला रडतात ते पाहा. तुम्ही पत्रात गृहीत धरलंय की ‘श्वास’मधले आजोबा बाबांसारखे दिसतात, धोतर-टोपीमुळे आठवण येते, म्हणून रडतात. असेलही. पण २००४ च्या या चित्रपटाची गोष्ट काय आहे, ते एकदा शांतपणे आठवा. कोकणातल्या खेड्यातून आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. आणि मग प्रश्न उभा राहतो की हे त्या पोराला सांगायचं कुणी आणि कसं. त्याला न सांगता शस्त्रक्रिया करायला डॉक्टर तयार नाहीत. अख्खा सिनेमा त्या सांगण्याभोवती फिरतो.

आणि तुम्ही तुमच्या पत्रात सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात की सासऱ्यांना आजाराचं नाव सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे कुणी ठरवलं होतं, ताई? डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं तेव्हा खुर्चीत कोण बसलं होतं? फायलीवरचं नाव बाबांना दिसू नये म्हणून ती कुणाच्या बॅगेत असायची? “मला नेमकं झालंय काय रे?” हे बाबांनी विचारलं असेल, तर कुणाला विचारलं असेल?

मला उत्तर माहीत नाही. माझा अंदाज साफ चुकलेला असू शकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच ठरतं, प्रेमानेच ठरतं, आणि त्या वेळी ते चूक होतं असंही मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे ते गुपित सांभाळायचं काम असतं त्याला चार महिने चेहरा कोरडा ठेवावा लागतो. तो डोळ्यांत पाणी आणू शकत नाही, कारण पाणी दिसलं की बाबांना कळेल. मग अंत्यविधीच्या दिवशी अचानक सवय मोडत नाही. तुम्ही म्हणता ते “टिपूस नाही काढलं” कदाचित तिथून आलेलं असेल.

यावरून आता करायचं काय, तर सर्वांत आधी काय करायचं नाही ते सांगतो. वरचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवायचा नाही. “तुम्ही बाबांना सांगितलं नाही म्हणून रडता ना?” असं तर चुकूनही म्हणू नका. खरं असलं तरी ते आरोपासारखं लागेल, आणि खोटं असलं तर तुम्ही त्यांच्या डोक्यात एक नवीन काटा रोवाल. मोबाइलमधून सिनेमा काढणं हेही नको. तो दुसऱ्या मिनिटाला परत मिळतो. फरक इतकाच पडेल की पुढच्या रविवारी खोलीला आतून कडी लागेल. भवभूतीनेच तिसऱ्या अंकात म्हटलंय की तलावाला पूर आला की पाणी बाहेर सोडणं हाच इलाज. सांडवा अडला की काय होतं, हे नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठच्या लोकांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पुरानंतर वेगळं सांगायची गरज नाही.

करायचं ते असं. येत्या रविवारी ते आत गेले की दहा-पंधरा मिनिटांनी तुम्हीही त्याच खोलीत जा, पण हाताला काम घेऊन. उन्हाळा लागलाय, वर्षाची चिंच फोडायची असेलच. सूप, चिंच आणि चिंचोके टाकायला एक वाटी एवढं घेऊन पलंगाच्या पायथ्याशी खाली बसा. त्यांच्याकडे तोंड करून बसू नका, तिरपं बसा. रडणाऱ्या माणसाला न्याहाळणारी नजर नको असते. त्याला सोबत चालते. हातात काम असलं की तुम्ही ‘बघायला आलेल्या’ वाटत नाही. बोलू नका. विचारू नका. पाण्याचा तांब्या-पेला त्यांच्या हाताशी ठेवा. याचं कारण शरीरातलं आहे: रडू येताना जास्त हवा घेण्यासाठी घशातली फट उघडी राहू पाहते आणि गिळताना ती बंद व्हावी लागते, त्या ओढाताणीत आवंढा अडकतो. दोन घोट पाणी हळूहळू प्यायलं की तो सुटतो. नाकही वाहतं, कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रूंना नाकात उतरायची वाट असते. म्हणून कागदी रुमालापेक्षा धुतलेला, मऊ सुती पंचा बरा. डोळे चोळू देऊ नका. चोळले की सूज संध्याकाळपर्यंत राहते, त्यापेक्षा गार पाण्यात पिळलेला पंचा पाच-सात मिनिटं डोळ्यांवर ठेवला की काम होतं.

पहिल्या रविवारी ते बहुधा अवघडतील, मोबाइल बाजूला ठेवतील, “काय गं?” म्हणतील. “काही नाही, हॉलमध्ये फार गरम होतंय,” इतकं पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सवय होईल. तोवर तुम्हाला रडण्याची जागा आपोआप कळेल, श्वासावरून कळते, चोरून मिनिटं टिपायची गरज नाही. मग एखाद्या वेळी एवढंच म्हणा, “अहो, तो भाग मला पण दाखवा ना, मी कधी नीट पाहिलाच नाही.” ‘का रडता’ असं विचारलं तर माणसाला कारण द्यावं लागतं, आणि कारण त्याचं त्यालाच माहीत नसतं. ‘दाखवा’ म्हटलं तर त्याला फक्त मोबाइल तिरपा करायचा असतो आणि इअरफोनचा एक बोंडा तुमच्या हातात द्यायचा असतो.

वेळ मात्र सांभाळा. इथे बहुतेक घरांत चूक होते. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. साठ जणांना दोन रडवणारे चित्रपट दाखवले. त्यातला एक ‘लाइफ इज ब्युटिफुल’ आणि दुसरा मेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा, ‘हाची’. जे रडले त्यांचं मन चित्रपट संपल्या संपल्या आधीपेक्षा जास्त खिन्न झालेलं होतं. वीस मिनिटांनी ते पूर्ववत झालं, आणि दीड तासाने चित्रपटाआधी होतं त्याहूनही बरं होतं. प्रयोग लहान आहे, प्रत्येकाला घड्याळ लावून लागू होईल असं नाही. तरी ‘रडलं की लगेच हलकं वाटतं’ ही समजूत किती अर्धी आहे ते यातून दिसतं. तुमच्या घरी सिनेमा साधारण चारला संपतो आणि तुम्ही लिहिता की चार वाजताच तुमचं बोलणं होतं, “झालं का रडून?” म्हणजे बरोबर सर्वांत वाईट वेळी. चारला फक्त चहा. बोलायचं असेल तर साडेपाचच्या पुढे, तेही समोरासमोर बसून नको. भाजी आणायला निघा, गाडीवर पुढे-मागे बसून किंवा बाजारात शेजारी चालताना पुरुष जास्त बोलतात.

रात्री झोपण्याआधी असा सिनेमा पाहण्याची सवय असेल, तर याच हिशेबाने ती बदलावी. रडून लगेच अंथरुणावर पडलं की तो खिन्न काळ काळोखात जातो आणि सकाळी माणूस डोकं दुखत उठतो. दुपार किंवा संध्याकाळ बरी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आधीच त्या काढून चष्मा लावावा. थिएटरमध्ये सर्वांसमोर रडू आवरायचंच असेल तर श्वास रोखू नका, त्याने हुंदका जोरात येतो. श्वास सावकाश सोडा आणि नजर चेहऱ्यावरून काढून पडद्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात न्या, तिथे बहुधा दिवा, खिडकी, कपाट असलं काही असतं, ते मोजत बसा. आणि काही जण असेही असतात की त्यांना कुठल्याच सिनेमात रडू येत नाही. त्यांच्यात काही खोट नाही. नाट्यशास्त्र सांगणाऱ्या भरतमुनींनी अश्रूंसोबत रोमांच, घामेजणं, आवाज फुटणं, थिजून जाणं असे आठ सात्त्विक भाव सांगितलेत, एखाद्याचं दुःख हातावरच्या काट्यात दिसतं.

मुलाबद्दल. तुम्ही त्याला झापलंत आणि फोन काढून घेतलात. झापणं समजू शकतो, पण तो क्रूर आहे असं समजू नका. सतरा वर्षांच्या मुलाने बापाला पहिल्यांदा हुंदके देताना पाहिलं तर त्याला धडकी भरते, आणि त्या वयात धडकी हसण्यातून बाहेर येते. ग्रुपवरचा व्हिडिओ ‘सगळ्यांसाठी डिलीट’ व्हायची मुदत आता उलटून गेली असेल. त्यामुळे पुसापुशीत वेळ घालवू नका. त्यानेच ग्रुपवर दोन ओळी लिहाव्यात, की व्हिडिओ टाकायला नको होता, ज्यांनी जपून ठेवला असेल त्यांनी काढून टाकावा. आणि बाबांना समोर जाऊन सांगावं. भाषण नको. त्याला आजोबांबद्दलही विचारा. दोन वर्षांपूर्वी तो पंधराचा होता, आणि गुपित त्याच्यापासूनही लपवलं होतं की त्याला ठाऊक होतं, याचा पत्रात उल्लेख नाही. त्याला ठाऊक असेल, तर घरात चेहरा कोरडा ठेवणारे दोघं होते.

पुण्यतिथीचा बेत मात्र मला मुळीच पटलेला नाही. भाऊजींचा हेतू चांगला असेल. पण जी गोष्ट एक माणूस दार लोटून, इअरफोन लावून करतो, ती चौदा जणांच्या हॉलमध्ये लावली की तो सिनेमा पाहणार नाही, सगळे मिळून त्याला पाहतील. त्यातून ग्रुपवरचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. आणि ‘रोग्याला सांगायचं की नाही’ हा प्रश्न पडद्यावर आला आणि सासूबाईंनी मध्येच विचारलं, “आपण ह्यांना सांगायला पाहिजे होतं का रे?” तर? तो प्रश्न कधीतरी निघायला हवा, पण आत्या-मावश्यांच्या, जावयांच्या देखत, पुरणपोळी-वड्यांचं जेवण झाल्यावर नको. भाऊजींना तुम्ही नाही म्हणू नका, यजमानांना विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तरी ‘श्वास’ऐवजी बाबांना आवडायचा असा एखादा हसरा सिनेमा लावा. सगळ्यांनी मिळून हसतानाही डोळे भरून येतात, आणि ते पाणी कुणाला लपवावं लागत नाही.

मोठ्या टीव्हीवर काहीही लावलंत तरी मे महिन्यात नागपुरात अडचण एकच, कूलर. खिडकीतल्या मोठ्या कूलरच्या घरघरीत हळू संवाद गडप होतात. मग कुणीतरी आवाज वाढवतं, आणि संगीत सुरू झालं की अंगावर येतं. त्यामुळे दुपारचा बेत ठेवू नका. जेवणं उरकून संध्याकाळी साडेसातच्या पुढे लावा. कूलर तासभर आधी पूर्ण वेगाने चालवून खोली गार करून घ्या आणि सिनेमा सुरू झाला की पंखा कमी वेगावर आणा. टीव्ही कूलरच्या समोरच्या भिंतीला असेल तर सासूबाईंची खुर्ची टीव्हीकडे ओढा. वेगळा स्पीकर असेल तर तो बसणाऱ्यांच्या जवळ ठेवा, टीव्हीखाली नको. अक्षरं खाली येण्याची सोय असेल तर ती सुरू करा, वयस्कर माणसं निम्मं वाचून भरून काढतात. जाहिराती येणाऱ्या वाहिनीवर पाहू नका, दाटलेला घसा आणि मध्येच वॉशिंग पावडर, यासारखी चिडचिड दुसरी नाही. आणि शेवट झाल्या झाल्या ट्यूबलाइट लावायची आपल्या घरांतली खोड मोडा. नावं सरकताहेत तोवर अंधार राहू द्या, त्या दोन-तीन मिनिटांत ज्याला डोळे पुसायचे तो पुसून घेतो.

एक काम पुण्यतिथीआधीच करून ठेवा. बाबांच्या आवाजातले व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप कुणाकुणाच्या फोनमध्ये असतील. फोन बदलला, बिघडला की ते जातात, आणि ते गेल्याचं लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. फोटोंच्या प्रती चार ठिकाणी असतात, आवाजाची बहुधा एकच असते. एका पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर ते उतरवा, तारखेप्रमाणे नावं द्या. मुलाला हे काम येतं, त्यालाच सांगा. पण ते निरोप त्या दिवशी अचानक, न विचारता वाजवायचे नाहीत. गेलेल्या माणसाचा आवाज फोटोपेक्षा कितीतरी जोरात लागतो. यजमानांना फक्त सांगून ठेवा की ते जपलेले आहेत आणि कुठल्या खणात आहेत.

राहिली तुमची ती शेवटची ओळ. दोन वर्षं दाराबाहेर उभं राहून आतला हुंदका ऐकायचा, याला काय म्हणतात ते मला कळतं. त्या सिनेमाचा तुम्हाला राग आलाय, आणि तो येणारच. पण सिनेमा त्यांना काही विचारत नाही, आणि त्यांना रडताना पाहून घाबरत नाही. तुम्ही घाबरता, तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘आजार’ हा शब्द आहे. ते तुमच्यासमोर रडत नाहीत याचा अर्थ तुम्ही परक्या असा लावू नका. घरात कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते चार महिने काढले असतील, याचा विचार करा. आणि सासरे गेल्यावर तुम्ही स्वतः कधी, कुठे रडलात, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. चिंच फोडायला बसाल तेव्हा तुमचेही डोळे भरून आले तर पदराने लगबगीने पुसू नका. पंचा एकच नेलात तरी चालेल. आणि चारला चहा ठेवायला तुम्ही उठू नका, तो तुमच्या मुलाला ठेवू दे. तीन कप पाणी, दोन कप दूध, आलं ठेचून, आणि साखर बाबांच्या कपात कमी.